छोट्या मनोविकार दवाखान्यात प्रशिक्षित परिचारिका नेमताना पदनाम काय द्यावे आणि वेतन किती द्यावे?

प्रश्न
फोंड्याचा डॉक्टर

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी फोंड्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून स्वतःचा दवाखाना चालवीत आहे. दवाखान्यात खाटा नाहीत, फक्त बाह्यरुग्ण तपासणी होते. सोमवार ते शनिवार रोज पंचवीस ते तीस रुग्ण येतात. गुरुवारी दुपारनंतर मी वाळपईला बसतो, तेथे आणखी दहा-बारा रुग्ण असतात. नव्या रुग्णाची फी सहाशे रुपये आहे आणि जुन्यांकडून मी चारशे घेतो. नावनोंदणीला एक मुलगी, हिशेब पाहणारे एक वयस्क गृहस्थ आणि झाडलोटीला येणारी एक बाई, एवढाच माझा कर्मचारीवर्ग आहे.

एका रुग्णामागे मला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात आणि त्यांतली निम्मी अशा कामांत जातात, जी शिकलेली परिचारिका माझ्यापेक्षा चांगली करील. मनःस्थितीच्या चढउतारांसाठी लिथियम घेणाऱ्याने रक्त तपासून आणले की नाही हे विचारणे, डेपो (म्हणजे काही आठवडे परिणाम टिकणाऱ्या) इंजेक्शनची तारीख चुकवलेल्या रुग्णाच्या भावाला फोन करणे, नव्याने गोळ्या सुरू झालेल्या सुनेला त्या मध्येच का सोडायच्या नाहीत हे तिच्या सासूच्या देखत समजावणे, ही सगळी कामे सध्या मीच करतो आणि घाईत करतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक सिस्टर नेमली होती. तिने तीन वर्षांची सामान्य परिचर्येची पदविका घेतली होती, वेतन सोळा हजार होते आणि लेखी नेमणूकपत्र मी दिले नव्हते, ही चूक माझीच. चौदा महिन्यांनी तिला आखातात नोकरी मिळाली आणि ती आठ दिवसांच्या सूचनेवर गेली. ती गेल्यावर इंजेक्शनांच्या तारखांची वही कोणालाच उमगेना. दोन रुग्णांची इंजेक्शने त्या गोंधळात राहून गेली आणि त्यांतल्या एकाला पुढे बांबोळीला मनोविकार संस्थेत दाखल करावे लागले. ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्याकडून ऐकतो की तेथे मनोविकार नर्स प्रॅक्टिशनर स्वतः रुग्ण तपासतात, औषधे लिहितात आणि छोट्या दवाखान्याचा निम्मा भार उचलतात. आपल्याकडे असे काही करता येईल काय? येत नसेल, तर कोणत्या शिक्षणाची परिचारिका पाहावी आणि तिच्याकडे नेमके काय सोपवावे? वेतन ठरावीक द्यावे की फीमधला हिस्सा द्यावा? माझ्या मनात बावीस हजारांचा आकडा आहे. आणखी एक विचारतो, रागावू नये: दोन वर्षांचे बंधपत्र लिहून घेणे आणि सोडून गेल्यास फोंड्यात दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे काम करायचे नाही अशी अट घालणे योग्य ठरेल काय?


उत्तर १
मानसपरिचारिका, पर्वरी

डॉक्टर, मनोविकार परिचर्या हा विषय घेऊन मी एम.एस्सी. नर्सिंग केले, नऊ वर्षे खाजगी इस्पितळांत काम केले आणि आता विद्यार्थिनींना शिकवते. तुम्ही स्वतःची चूक लिहून टाकलीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

पदनामापासून सुरुवात करते. 'नर्स प्रॅक्टिशनर' अशी पाटी लावू नका. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने त्या नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आहे, परंतु तो अतिदक्षता विभागातल्या कामासाठी आखलेला आहे. तुमच्या दवाखान्यात ज्या परिचारिकेची गरज आहे तिला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'मेंटल हेल्थ नर्स' म्हटले आहे. त्याच कायद्याचे कलम १०६ सांगते की, कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवू नयेत. म्हणजे औषधाची चिठ्ठी तुमची, सही तुमची आणि जबाबदारीही तुमची. तुम्ही बाहेरगावी असताना सहीचे कोरे कागद सिस्टरकडे ठेवून जाण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती तिला आणि तुम्हाला दोघांनाही अडचणीत आणणारी आहे. कितीही अनुभवी सिस्टर असली तरी तिच्यावर ही वेळ आणू नका.

आता एक गोष्ट, जी वेतन ठरविताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कायद्यातली ती व्याख्या फार रुंद आहे. सामान्य परिचर्येची पदविका घेतलेली आणि मनोविकार परिचर्येची पदवी किंवा पदविका घेतलेली, अशा दोघीही राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंद असली की तिच्यात बसतात. त्यामुळे दोघींच्या वेतनात फरक करा असे कायदा तुम्हाला सांगणार नाही. दोन वर्षे केवळ मनोविकारांवर शिकून आलेल्या मुलीला सामान्य वॉर्डाच्या दराने घेतले, तरी कागदोपत्री सगळे नियमात बसते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. एका खाजगी इस्पितळाने (नाव लिहीत नाही) माझी पदव्युत्तर पदवी जाहिरातीत मिरवली, वेतन वॉर्डातल्या इतर सिस्टरांइतकेच ठेवले आणि तिसऱ्या महिन्यापासून मला विम्याच्या फायली लावायला बसवले. मी वर्षभराने सोडले, तेव्हा 'आजकालच्या मुली टिकत नाहीत' असे म्हटले गेले.

नोंदणीची खात्री करून घ्या. उमेदवार केरळ किंवा कर्नाटकातून आलेली असेल, तर तिची नोंद गोवा परिचर्या परिषदेत झालेली असली पाहिजे. बेंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था येथून मनोविकार परिचर्या शिकलेल्या परिचारिका उत्तम तयारीच्या असतात, पण तुमच्या दवाखान्यात पदवीइतकेच भाषेला वजन आहे. वाळपईची म्हातारी आपल्या मनातले कोंकणीत बोलणार, डिचोलीकडची मंडळी मराठीत बोलणार, बांधकामावरचा मजूर कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत. ज्या परिचारिकेला कोंकणी समजत नाही तिला रुग्ण 'बरें आसा' एवढेच सांगून उठून जाईल आणि रात्री झोप लागत नाही, हे शेजारणीला सांगेल.

काम काय सोपवावे याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण वेतनाचा प्रश्न त्यातूनच सुटतो. डेपो इंजेक्शनांचे सगळे वेळापत्रक तिचे असावे: कोणाची तारीख केव्हा, कोणत्या बाजूला मागच्या वेळी दिले, आले नाहीत तर पहिला फोन कोणाला आणि दुसरा कोणाला. ऑलान्झापिन या मनोविकारावरील औषधाच्या डेपो प्रकारानंतर रुग्णाला तीन तास नजरेखाली ठेवावे लागते. खाटा आणि आणीबाणीची सोय नसलेल्या दवाखान्यात ते इंजेक्शन देऊच नये, असे माझे मत आहे. क्लोझापिन हे औषध सुरू केलेल्या रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी (त्या घटू शकतात म्हणून) पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला तपासाव्या लागतात, आणि घसा दुखून ताप आला तर त्याने तुमची वेळ मिळेपर्यंत थांबायचे नसते. हा फोन तिच्याकडे आला पाहिजे आणि तिला त्याचा अर्थ कळला पाहिजे. लिथियमची पातळी पाहण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. आमच्याकडे निम्मे लोक सकाळची गोळी घेऊन मगच प्रयोगशाळेत जातात, आणि मग आलेल्या आकड्यावरून डॉक्टर उगाच डोस कमी करतात. वजन आणि कमरेचा घेर मोजणे, साखर तपासायला लावणे, ओठ-जिभेच्या नकळत होणाऱ्या हालचालींवर नजर ठेवणे, दारू सोडणाऱ्या माणसाचा हातांचा थरकाप आणि घाम पाहून त्याला घरी ठेवता येईल की इस्पितळात पाठवावे लागेल याचा इशारा तुम्हाला देणे, ही कामे केवळ मदतनिसाची नव्हेत. येथे निर्णय घ्यावा लागतो आणि चुकला तर माणूस जातो.

म्हणून बावीस हजार कमी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी संस्थांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या होत्या. दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाइतके वेतन, शंभरावर खाटा असतील तर सरकारीपेक्षा फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांसाठी फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत कोणत्याही परिस्थितीत महिना वीस हजारांपेक्षा कमी नाही. ही खालची पायरी होती, तीही २०१६ ची आणि सामान्य परिचारिकेसाठीची. तुमचे सोळा हजार तिच्याही खाली होते. दुसऱ्या टोकाला, सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या नर्सिंग अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतनच ४४,९०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि परिचर्या भत्ता वेगळा. तुमची उमेदवार या आकड्याकडे पाहत असते, शेजारच्या दवाखान्याकडे नव्हे. तिला तेवढे देता येणार नाही हे ती जाणते. परंतु आपण किती खाली आहोत आणि का, हे तुम्ही तिला सरळ सांगू शकलात तर ती ऐकून घेईल. मनोविकार परिचर्येचे एक वर्षाचे पदविकोत्तर प्रशिक्षण आणि तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीसाठी तीस हजारांच्या खाली बोलू नका, आणि एम.एस्सी. असेल तर पस्तिसाच्या आसपास सुरुवात करा, असे मी म्हणेन.

बंधपत्राबद्दल एकच वाक्य: मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून टिकवलेली सिस्टर रुग्णाजवळ मनाने कधीच बसत नाही.


उत्तर २
डिचोलीकर, सध्या ॲरिझोना

तुमच्या मावसभावाने सांगितले ते खोटे नाही, पण त्याने अर्धेच सांगितले. मी येथे मनोविकार नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करते. हे पद मिळविण्यासाठी नोंदणीकृत परिचारिका झाल्यावर पुन्हा पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचे शेकडो तासांचे प्रत्यक्ष काम आणि राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा पार करावी लागते. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला, तोही बालरोगासाठी. म्हणजे आज दिसते ती मुभा मिळायला काही पिढ्यांचे काम खर्ची पडले आहे. शिवाय ती सगळीकडे सारखी नाही. ॲरिझोनात मी डॉक्टरच्या कराराशिवाय औषधे लिहू शकते, टेक्सासमध्ये मात्र औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो.

वेतनाचे म्हणाल, तर येथेही तुमचाच वाद चालतो. काही दवाखाने ठरावीक पगार देतात, काही जमा झालेल्या रकमेचा टक्का देतात. मेडिकेअर ही सरकारी विमा योजना नर्स प्रॅक्टिशनरच्या कामासाठी डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के रक्कम देते, त्यामुळे टक्क्याच्या करारात सुरुवातच खालून होते. मी दीड वर्ष टक्क्यावर काम केले. रुग्ण आला नाही तर माझी कमाई शून्य. आणि मनोविकारात न येणारा रुग्णच बहुधा जास्त आजारी असतो. त्याला फोन करायला, त्याच्या आईशी बोलायला, फार्मसीशी भांडायला जो वेळ जाई, त्याचा मोबदला कोणत्याच टक्क्यात बसत नसे. शेवटी माझ्या लक्षात आले की मी बऱ्या झालेल्या रुग्णांना लवकर-लवकर बोलावू लागले आहे आणि कठीण रुग्ण टाळू लागले आहे. त्या दिवशी मी पगारावर परतले.

तुमच्या सिस्टरला तर तपासणीची फी घेताच येणार नाही. मग हिस्सा कशातला देणार?


उत्तर ३
म्हापशाचा एक मनोविकारतज्ज्ञ

पर्वरीच्या ताईंचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, परंतु दवाखाना तत्त्वावर चालत नाही. पस्तीस हजार पगार, भाडे, वीज, नावनोंदणीची मुलगी, संगणकाची देखभाल, हे सगळे वजा जाता एकट्या डॉक्टरच्या हाती काय उरते याचा विचार कोणी करत नाही. फी वाढवली तर जुना रुग्ण औषधच बंद करतो, आणि बांबोळीला सरकारी सेवा मिळत असताना तो माझ्याकडे येतो, तो केवळ तेथे कोणी ओळखीचे भेटेल या संकोचाने.

मी दोन पर्याय सुचवतो. सरकारी सेवेतून निवृत्त झालेली, मनोविकार वॉर्डात आयुष्य काढलेली सिस्टर अर्धवेळ मिळाली तर घ्यावी. तिला निवृत्तिवेतन असते, घरी बसणे नको असते आणि तिची नजर अशी तयार असते की, रुग्ण दारातून आत येतानाच त्याने गोळ्या सोडल्या आहेत हे ती सांगते. दुसरा पर्याय म्हणजे दोन दवाखान्यांनी मिळून एक परिचारिका नेमणे. मी आणि माझे एक सहकारी तीन-तीन दिवस वाटून हेच करतो.

आणखी एक. पर्वरीच्याच संगथ या संस्थेने गोव्यात केलेल्या, २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'मानस' नावाच्या चाचणीत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनीही नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केल्याचे दिसले होते. मग प्रत्येक कामाला पदव्युत्तर परिचारिकाच कशाला हवी?


उत्तर ४
मानसपरिचारिका, पर्वरी

डॉक्टर, त्या चाचणीचा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगते: समुपदेशकांचा लाभ सरकारी केंद्रांत ठळक दिसला होता, खाजगी दवाखान्यांत नव्हे. शिवाय ते रुग्ण नैराश्य आणि चिंतेचे होते. फोंड्याच्या डॉक्टरांची अडचण डेपो इंजेक्शनांची आणि लिथियमची आहे. समुपदेशक जरूर नेमा, पण सुई तिच्या हाती देता येणार नाही.

निवृत्त सिस्टरांबद्दल तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. मी ज्यांच्याकडून शिकले त्या अशाच होत्या. मात्र 'तिला निवृत्तिवेतन आहेच' हे कारण सांगून तिला कमी देणे मला पटत नाही. तिच्या तासाची किंमत तिच्या कामावरून ठरते, घरी दुसरीकडून काय येते यावरून नव्हे. आपण डॉक्टरांच्या बाबतीत असा हिशेब कधी करतो काय? दोन दवाखान्यांत वाटून घेतलेल्या सिस्टरचे म्हणाल, तर तिची रजा कोण मंजूर करतो आणि आजारी पडली तर पगार कोण कापतो, हे आधी लिहून ठेवा. नाहीतर दोन मालक असतात आणि रजा एकाकडेही नसते.


उत्तर ५
हिशेबनीस, मडगाव

माझ्याकडे काही छोट्या दवाखान्यांचे हिशेब असतात, म्हणून पैशांच्या बाजूने लिहितो.

पगाराऐवजी 'सल्लागार' म्हणून दाखवून दहा टक्के कर कापायचा आणि बाकीच्या जबाबदाऱ्यांतून मोकळे व्हायचे, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. जी व्यक्ती तुमच्या वेळेत, तुमच्या जागेत, तुमच्या सांगण्यावरून रोज काम करते ती कर्मचारी असते. कागदावर दुसरे नाव लिहिल्याने तसे होत नाही. वाद झाला तर ते टिकत नाही आणि दरम्यान बिचारीला रजा, बाळंतपण, काहीच मिळत नाही.

तुमचे कर्मचारी दहापेक्षा कमी असल्याने ग्रॅच्युइटी आणि प्रसूती रजेचे कायदे तुम्हाला बांधत नाहीत, आणि वीसपेक्षा कमी असल्याने भविष्यनिर्वाह निधीही सक्तीचा नाही. कर्मचारी राज्य विमाही दहा जणांपासून आणि एकवीस हजारांपर्यंतच्या वेतनाला लागतो. छोट्या दवाखान्यातली नोकरी नकोशी वाटण्याचे खरे कारण येथे आहे: पगाराचा आकडा मोठ्या इस्पितळाइतका असला तरी पायाखाली काहीच नसते. हे तुम्ही स्वेच्छेने देऊ शकता. मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असेल तर निधीची नोंदणी कमी संख्येतही होते, मात्र मग ती केवळ सिस्टरपुरती ठेवता येत नाही, झाडलोटीच्या बाईलाही द्यावी लागते. द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

समजा ३४,००० रुपये वेतन ठरले. पंधरा हजारांच्या मर्यादेवर मालकाचा निधीतला १२ टक्के वाटा १,८०० होतो. ग्रॅच्युइटीच्या सूत्राप्रमाणे, म्हणजे दर वर्षामागे मासिक वेतनाच्या सव्विसाव्या भागाच्या पंधरा पट, वर्षाला सुमारे १९,६०० आणि महिन्याला १,६३५ बाजूला ठेवावे लागतील. आरोग्य विम्याचा हप्ता महिना हजार धरा. एकूण सुमारे ३८,४००, निधीचे प्रशासकीय शुल्क वेगळे. तुमचे रोज तीन तास जरी मोकळे झाले आणि त्यांत तीन नवे रुग्ण तपासले, तर दिवसाचे १,८०० आणि चोवीस दिवसांचे ४३,२०० होतात. म्हापशाच्या डॉक्टरांना वाटते तितके हे अंगावर येणारे नाही. अर्थात, फोंड्यात रोज तीन नवे रुग्ण मिळतील की नाही, हे तुम्ही जाणता.

फीमधला हिस्सा किंवा रुग्णसंख्येवर बक्षीस मात्र देऊ नका. डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत रुग्ण पाठविण्या-मिळविण्याच्या बदल्यात कमिशन देणे-घेणे निषिद्ध आहे, आणि संख्येवरचे बक्षीस त्या दिशेने घसरायला वेळ लागत नाही. वाढ द्यायची तर वर्षाने ठरावीक द्या आणि चतुर्थीच्या आधी एक महिन्याचे वेतन बोनस म्हणून द्या. गोव्यात नाताळापेक्षा किंवा दिवाळीपेक्षा तेव्हाच घरात पैसा लागतो, निदान हिंदू घरांत. सिस्टर ख्रिस्ती असेल तर तिला विचारून डिसेंबरात द्या.

फोंड्यात दुसरीकडे काम न करण्याची अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणारी नाही. ती लिहून केवळ अविश्वास दाखवला जाईल. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची सूचना ठेवा. तुम्ही तिला काढायचे ठरवलेत तरी तेवढीच.


उत्तर ६
फोंड्याचा डॉक्टर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंधपत्राचा आणि अटीचा विचार सोडून दिला आहे. म्हापशाच्या सन्मित्रांचा वाटून घेण्याचा पर्याय मोहात पाडणारा होता, पण माझे डेपो इंजेक्शनचे रुग्ण आठवड्याच्या कोणत्याही दिवशी येतात, त्यामुळे तीन दिवसांच्या सिस्टरने ते काम होणार नाही.

दोन उमेदवारांशी बोललो. एक एम.एस्सी. आहे, मूळची सावंतवाडीची, लग्नानंतर साखळीला राहते आणि कोंकणी उत्तम बोलते. तिला ३४,००० वेतन, सर्व कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा, वर्षाला ठरावीक वाढ आणि दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची सूचना, असे नेमणूकपत्र तयार केले आहे. कोणती कामे तिची आणि कोणती नाहीत, हे त्यातच लिहिले आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे ही 'नाहीत' मध्ये पहिली ओळ आहे. आठवड्यातून एक तास, शनिवारी दुपारी, आम्ही दोघे बसून कठीण रुग्णांची चर्चा करू, आणि तो तास कामाच्या वेळेत धरला जाईल.

तिने स्वतः तीन गोष्टी मागितल्या, ज्या मला सुचल्या नव्हत्या. पहिली म्हणजे चिडलेल्या रुग्णाबरोबर बंद खोलीत एकटीने बसायचे नाही, आणि तिच्या खोलीच्या दाराची कडी आतून लागणारी नसावी. दुसरी, कोणी रुग्णाने किंवा नातेवाइकाने अभद्र वर्तन केल्यास मी प्रकरण दडपणार नाही; आमच्याकडे दहा कर्मचारी नसल्याने तक्रार लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तो पत्ता तिने भिंतीवर लावायला सांगितला आहे. तिसरी गोष्ट ऐकून मी थोडा वरमलो. साखळीतले आणि तिच्या सासरच्या वाड्यातले काही लोक माझे रुग्ण आहेत. त्यांना ती दवाखान्यात आहे हे आधी कळवावे आणि हवे असल्यास त्यांच्या कागदांना तिने हात लावू नये. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे हे मी व्याख्यानांत सांगत आलो, पण आपल्या गावात ते कसे पाळायचे, हे तिने सांगितले.

आता वाळपईचा प्रश्न राहिला. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाजवळ आरोग्य कर्मचारी आणि पडद्यावर डॉक्टर, अशी तपासणी चालते आणि चिठ्ठी डॉक्टरच लिहितो. महिन्यातून दोन गुरुवार ती वाळपईला बसेल आणि मी फोंड्याहून पडद्यावर बोलेन, असा बेत आहे. तिचा प्रवासखर्च आणि परतायला कदंबची शेवटची बस चुकल्यास टॅक्सीचे भाडे माझ्याकडे. पर्वरीच्या ताईंना एक विचारायचे आहे: चतुर्थीच्या सुट्टीत ज्यांच्या डेपोच्या तारखा येतात त्यांना आम्ही आठवडाभर आधी बोलावावे की नंतर?


उत्तर ७
मानसपरिचारिका, पर्वरी

आधी की नंतर, आणि किती दिवस चालेल, हे प्रत्येक औषधाचे वेगळे असते, म्हणून नावानिशी यादी करून तुम्हीच ठरवा आणि तारखा सिस्टरच्या वहीत लिहून द्या. ते काम श्रावणातच उरका. चवथीच्या आदल्या आठवड्यात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या) खरेदीतून कोणी दवाखान्याला यायचे नाही. आणि ती वही यंदा दोन प्रतींत ठेवा.